साडेसहाचा भात

निळ्या प्लास्टिकच्या संडासाचा वास पाण्यावरून येतो, तेव्हा तो नुसता घाणीचा नसतो. घाण मला नवी नाही. म्हशींच्या शेणामुतात माझं बालपण गेलं आणि त्या वासाची मला कधी किळस आली नाही. हा वास वेगळा. घाणीवर गुलाबाचं अत्तर ओतून ती झाकायला गेलं की जो उठतो, तो. गेल्या थंडीत मी आमच्या तळ्याच्या काठी, प्लास्टिकच्या हिरवळीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो आणि माझा पुतण्या रोहित मला सांगत होता, "काका, डीप ब्रीद घ्या. हवा बघा कसली प्युअर आहे."

मी श्वास रोखून धरला.

रोहित माझ्या चुलतभावाचा मुलगा. चाळिशीचा, हुशार, तोंडाने गोड. पुण्याहून दोन तासांवर, डोंगरापलीकडे, आमच्या आजोबांनी गवतासाठी घेतलेलं रान आहे आणि त्या रानाच्या मधोमध एक लहानसं तळं. वाटणीत दक्षिणेची सपाट बाजू रोहितच्या आजोबांकडे, म्हणजे आमच्या नानांकडे गेली. उत्तरेची बाजू खडकाळ, उताराची, कुठल्याच कामाची नाही. ती माझ्या वडिलांनी, आबांनी, मागून घेतली. तेव्हा लोक त्यांना हसले होते. आता दक्षिणेला रोहितचे बावीस तंबू आहेत. शनिवारी खराडीच्या ऑफिसांमधली मंडळी गाड्या भरभरून येतात. रोहितला उत्तरेच्या काठावर काँक्रीटचा सज्जा बांधायचा होता, प्राणी जवळून दिसावेत म्हणून. 'व्ह्यूइंग डेक' म्हणतात त्याला. ती बाजू माझ्या नावावर, म्हणून माझी सही हवी. म्हणून हा पाहुणचार.

"एक दिवस राहा, बघा, मग सही करा," तो फोनवर म्हणाला होता. "जबरदस्ती काही नाही."

खरं सांगायचं तर सही करायचीच, असं ठरवून मी कर्वेनगरच्या घरातून निघालो होतो. खिशात पेन होतं.

*

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी अजून सांगतो, आणि विचारलं नाही तरी सांगतो. आमचं घर कोथरूडचं, शेतीवाल्यांचं. आज जिथे क्लासांच्या पाट्या लागल्या आहेत तिथे आमचा गोठा होता. ते राहू दे, त्यावर पुष्कळांचं रडून झालं आहे. मला सांगायचं आहे ते तळ्याचं.

चैत्र सरत आला की घरातला कडबा सरत यायचा. मग आबा, नाना, आई आणि मी म्हशी हाकत डोंगरापलीकडे निघायचो. दीड दिवसाची चाल. तळ्यावर पोचायच्या आधी तळ्याचा वास पोचायचा. उन्हात तापलेल्या पाणगवताचा, जुन्या गुळाच्या ढेपेसारखा, थोडा कुजका, थोडा गोड. म्हशींना तो आमच्या आधी यायचा. त्या माना वर करून धावायला लागायच्या, गळ्यातल्या घंटा एकमेकींवर आपटायच्या आणि नाना मागून ओरडायचे, "आरं, सासरी चालल्यात का म्हायेरी!"

चार काठ्यांवर घोंगडं टाकलं की घर झालं. तीन दगडांची चूल. सकाळी भाकरी आणि दूध, दुपारी भाकरी आणि ताक, आणि दिवसभर करवंदं. करवंदांच्या चिकाने ओठ चिकटायचे, बोटं काळी पडायची. दुपारी सगळं रान गप्प व्हायचं. एखादी टिबुकली पाण्यात बुडायची आणि आता कुठे वर येईल यावर मी माझ्याशीच पैज लावायचो. बहुतेक हरायचो. जांभळीच्या सावलीत आई घोंगड्याला ठिगळ लावत बसायची. म्हशी नाकापर्यंत पाण्यात. त्यांच्या पाठीवर बगळे उभे, जसे काही त्यांनीच त्या विकत घेतल्या आहेत.

आणि संध्याकाळी आबा उठायचे.

आमच्या मुक्कामाच्या, दक्षिणेच्या बाजूला एक जांभूळ होतं आणि पाण्यापाशी एक काळा कातळ. जांभळीपासून कातळापर्यंत एक रेघ धरायची. दिवस डोंगराआड गेला की त्या रेघेपलीकडे कुणी पाऊल टाकायचं नाही. त्याआधी हंडे भरून घ्यायचे, म्हशी वर काढायच्या. मग आबा हातपाय धुऊन रेघेवर उभे राहायचे आणि उत्तरेच्या काठाकडे तोंड करून एकदाच हाळी द्यायचे, "पानी तुमचं गाऽऽ!"

तळ्यावरून आवाज पलीकडच्या डोंगरावर जायचा आणि बारीक होऊन परत यायचा. झालं. हंडा उलटला तरी सकाळपर्यंत पाणी नाही. एकदा मला ताप होता, मी पाणी पाणी करत होतो. आईने ताक पाजलं, पण हंडा घेऊन कुणी उठलं नाही.

ती हाळी ऐकून जनावरं यायची, असं माझं म्हणणं नाही. मी शिकलेला माणूस आहे. पण ती यायची, एवढं खरं. आधी ससे. मग भेकर, पाण्यापाशी येऊन दोनदा माघारी फिरणारं. मग रानडुकरांची रांग आणि त्यांच्या पायात घोटाळणारी पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. मोर पाणी पिऊन निघून गेलेले असायचे. सगळ्यांत शेवटी सांबर. ती उताराची वाट उतरून यायची तेव्हा एकही दगड घरंगळायचा नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती प्यायची आणि मान वर करायची. हनुवटीवरून पाणी ठिबकायचं. मधे सगळं तळं, तरी त्या ठिबकण्याचा आवाज आम्हाला ऐकू यायचा, इतकी आमची बाजू गप्प असायची. चूल आईने राखेने झाकलेली असायची. नानासुद्धा, ज्यांच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, ते गप्प.

सकाळी ऊन कातळावर आल्याशिवाय आम्ही खाली जायचो नाही. मग आबा ओल्या चिखलापाशी उकिडवे बसायचे. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण चिखलातलं सगळं कळायचं. "ही मादी. गाभण हाय. हिकडून आली, हितं थबाकली." एका काडीने ते विष्ठा उलटून बघायचे आणि कोण काय खाऊन आलं ते सांगायचे. धायटीची फुलं, जांभळाच्या बिया, खेकड्याचं कवच. मला त्यात कधी काही घाण वाटलं नाही.

*

"काका, जेवून घ्या. बुफे लागलाय."

बुफे! तंबूंच्या मधोमध मांडव. तेलाचा तवंग आलेलं पनीर, लालभडक बिर्याणी, पापडांचा डोंगर. कोळशावर रॉकेलसारखं काहीतरी ओतून कोंबडी भाजत होते, तिचा धूर डोळ्यांत. करवंदीच्या जाळीला तोंड पुसायचे ओले कागद लटकलेले, लांबून पाहिलं तर वाटावं फुलं आली आहेत. मी पनीरचा एक तुकडा खाल्ला आणि उरलेलं टाकणं बरं दिसेना, म्हणून पोळीच्या घडीत दुमडून ताटाच्या कडेला ठेवलं. एका पोराने ताट उचललं आणि सगळं बादलीत खरवडलं.

दुपारभर गाणी. काय गाणी होती ते कळत नव्हतं, छातीत नुसते दणके बसत होते. मी रोहितला विचारलं, "एवढ्या आवाजात जनावर येतं कसं?"

"येतं ना! साडेसहाला शार्प. आपण गॅरंटी देतो."

"गॅरंटी?"

"बघालच."

साडेसहा वाजायला आले तशी गाणी बंद झाली. माळेचे दिवे लागले. सगळे पाहुणे मोबाईल हातात घेऊन काठाने उत्तरेला निघाले, माझ्या बाजूला, आणि मीही त्यांच्यामागून. आबांच्या रेघेवरून मी चालत गेलो. जांभूळ आता नाही, पण कातळ आहे. कातळावर बाटलीचं झाकण पडलं होतं.

दोन पोरं बादल्या घेऊन उतारावर गेली. दिवसभरातलं सगळं उष्टं त्यांनी सपाट जागी उलटं केलं. बिर्याणी, हाडं, पापडांचा चुरा, नूडल्स, चंदेरी कागद, सगळं एकत्र. एकाने रिकाम्या बादलीवर डाव आपटला. ठण्, ठण्, ठण्.

आणि ती आली. चालत नाही, धावत आली. झाडीतून दगड घरंगळले. दहा-बारा रानडुकरं एकमेकांना ढुशा देत, किंचाळत, भातात तोंड खुपसून. एका नराच्या सुळ्यात निळी पिशवी अडकली होती, तो मान झटकत होता आणि ती सुटत नव्हती. पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं चंदेरी कागद चाटत होती.

"ओ माय गॉड, सो क्यूट!"

"हॅलो, फ्लॅश बंद करा प्लीज," रोहित माईकवरून म्हणाला. फ्लॅश कुणी बंद केला नाही.

मग वरून सांबराची एक मादी उतरली. म्हातारी, बरगड्या दिसणारी. माणसं वीस हातांवर, तिने पाहिलंसुद्धा नाही. डुकरांच्या कडेकडेने तिने मान घातली आणि मसाल्याचा लाल भात खायला लागली. भात संपल्यावर वेफरच्या पाकिटात नाक घातलं. पाकीट नाकावर बसलं, ती तशीच आंधळी उभी राहिली. माणसं हसली. एका मोठ्या डुकराने एक घडी घातलेली पोळी ओढून काढली, तिच्यातून पनीरचे पांढरे तुकडे पडले.

ती पोळी मी ओळखली. ती माझी होती.

मी वळलो आणि काठाकाठाने परत आलो. मागे टाळ्या वाजत होत्या. पाण्याकडे एकही जनावर गेलं नव्हतं.

*

हे सगळं रोहितवर ढकलून मोकळं व्हावं, असं मला त्या क्षणी वाटलं. पण तेवढा निर्लज्ज मी नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मी तीन मित्रांना घेऊन तळ्यावर आलो होतो. शहरातली मुलं, चांगल्या घरची. त्यांच्या घरी मी चहा प्यायलो होतो, त्यांच्या वडिलांनी मला 'आपण' म्हटलं होतं. मला त्यांना दाखवायचं होतं की आमच्याकडेही काही आहे. आबा आधीच म्हशी घेऊन मुक्कामाला होते. त्यांनी पाव्हण्यांसाठी घोंगडं झटकलं, करवंदं काढून ठेवली. मोहन म्हणून एक होता, तो करवंदं खात म्हणाला, "अरे, तू तर राजा आहेस!" मी फुगलो.

रात्रीसाठी भरून ठेवलेल्या हंड्यातल्या पाण्याने त्यांनी हात धुतले, तोंडं धुतली, चहा केला, एकमेकांच्या अंगावर उडवलं. आबा बोलले नाहीत, पाव्हणे होते. संध्याकाळी हाळी देऊन झाली आणि मग मोहनला तहान लागली. हंडा कोरडा.

"आता सकाळी," आबा म्हणाले.

"म्हणजे? समोर तळं आहे की," मोहन हसला. "काय रे, तुझ्या वडिलांनी तळं बंद केलं का? ऑफिस टाइम संपला?"

बाकीचे हसले. आणि मला लाज वाटली. मित्रांची नव्हे, आबांची. मी पुस्तकी मराठीत, मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "आबा, हे सगळं अडाणीपण आहे. ह्याला काही आधार नाही."

घागर आणि बॅटरी घेऊन मी रेघ ओलांडली. ते तिघे माझ्यामागून. अजून पुरतं अंधारलं नव्हतं. कातळाच्या पुढे काठाने उत्तरेकडे गेलो आणि समोर, पाण्यात, सांबराची मादी आणि तिचं पिल्लू. पिल्लू इतकं नवं की त्याच्या पायांना उभं राहायची सवय नव्हती. मोहन आनंदाने ओरडला. मी बॅटरी लावली. मला दाखवायचं होतं ना.

मादी एका उडीत उतार चढून गेली. पिल्लू खोल पाण्याच्या बाजूला पळालं आणि गाळात रुतलं. ते ओरडत होतं. तो आवाज मी इथे लिहू शकत नाही.

आबा धावत आले. धोतरासकट छातीभर गाळात शिरले, त्याला उचलून काठावर ठेवलं आणि आम्हाला सगळ्यांना हाताने मागे सारलं. आम्ही घोंगड्यापाशी येऊन उभे राहिलो. आबांच्या अंगावरून गाळ निथळत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं.

"घागर भरलीस न्हवं?" ते म्हणाले. "पाव्हण्यान्ला पानी दे."

पाण्यात गाळ होता. मोहन प्यायला नाही.

माणसाचा हात लागलेल्या पिल्लाकडे आई परतली नाही. सकाळी ऊन कातळावर आलं तेव्हा तिथे तरसाने ठेवलं होतं तेवढंच उरलं होतं. त्या दिवशी आबांनी चिखल पाहिला नाही. त्यांनी म्हशी सोडल्या आणि मुक्कामाचे पंधरा दिवस बाकी असताना कोथरूडची वाट धरली. नंतर ते तळ्यावर कधी गेले नाहीत. वाटणीच्या वेळी मात्र पंचांसमोर एकच म्हणाले, "उत्तरंची बाजू मला द्या." का, ते कुणी विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

*

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. त्या संध्याकाळी रोहितला सांगितलं. पाहुणे कोंबडीकडे परतले होते आणि तो माझ्यासाठी सोड्याची बाटली घेऊन आला होता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग हसला. वाईट हसू नव्हतं ते.

"म्हणजे काका, इथला पहिला कॅम्प तुम्हीच काढलात की!"

मी सोड्याची बाटली न उघडताच खुर्चीखाली ठेवली.

सकाळी सगळे झोपलेले असताना मी कातळापाशी गेलो. काठी टेकत टेकत, वय झालं आता. चिखल होता, पण त्यात काही कळत नव्हतं. बूट, चपला, खूर, सगळं एकमेकांवर. एका ठिकाणी डुकराची विष्ठा पडली होती. मी काठीने ती उलटली. आत चंदेरी कागद चमकला आणि तोंड पुसायच्या ओल्या कागदाचा अख्खा तुकडा, जसाच्या तसा. त्याला अजून अत्तराचा वास होता. मी कातळाला धरून ओकलो. आदल्या दिवशीचं पनीर.

न्याहारीला पोहे होते. रोहितने फाईल उघडून माझ्यासमोर ठेवली. "इथे, आणि इथे. सातबाराची नक्कल मी काढलीय."

"रोहित, एक सांगू?" मी म्हणालो. "सही मी देतो."

"थँक्यू काका! मला माहीत होतं—"

"थांब. सही देतो. तू काय बांधायचं ते बांध. फक्त भात बंद कर."

"भात?"

"उष्टं टाकू नकोस. खड्डा काढ, पूर, पुण्याला ने, काहीही कर. त्यांना घालू नकोस."

"अहो काका, भात बंद केला तर येणार कोण?"

"पाणी आहे की. पाण्याला येतील."

"कधी? साडेसहाला येतील? लोकांसमोर येतील?"

"नाही," मी म्हणालो. "लोकांसमोर नाही येणार."

"मग डेक कशाला हवा?" तो खरंच गोंधळला होता. "रिकामं पाणी बघायला कोण येणार इथवर?"

मी फाईल मिटून त्याच्याकडे सरकवली. पेन खिशातून काढलंच नाही.

तो चिडला, पण ओरडला नाही. आमच्याकडे मोठ्यांवर ओरडत नाहीत, तेवढं अजून शिल्लक आहे. "ठीक आहे. तुमची जागा आहे. पडू दे तशीच," तो म्हणाला. "माझ्या बाजूला बांधतो मी. भातही तिकडेच टाकतो. उलट सोयीचंच होईल, गेस्टना चालायला नको."

परतताना त्याने मला चांदणी चौकापर्यंत गाडीने सोडलं. घरी आल्यावर मी दोनदा अंघोळ केली. बायको म्हणाली, "एवढं काय घासताय? सही केलीत की नाही?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "बरं केलंत." वास केसांत दोन दिवस होता.

उन्हाळ्यात रोहितचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तो राग धरणारा मुलगा नाही.

"काका, डेक झाला आमच्या बाजूला. मस्त झालाय. या ना बघायला, काकूंना घेऊन. रोज पंधरा-वीस येतात. मागच्या आठवड्यात तर तरस आलं होतं!"

"बरं," मी म्हणालो. मग राहवलं नाही. "आणि माझ्या बाजूला? उत्तरेला? तिकडे येतं का कुणी?"

"तिकडे?" त्याला क्षणभर कळेना मी काय विचारतो आहे. "तिकडे कशाला येतील, काका? तिकडे नुसतं पाणी आहे."